तळपायांनी ऐकणारे देवाजी मिस्त्री

देवाजी मिस्त्री कुठल्याही जीपमध्ये चढण्याआधी चपला काढून हातात घेत. भक्तिभाव वगैरे काही नव्हता. गिअर बॉक्सचं दुखणं त्यांना म्हणे तळपायांतून ऐकू येई. अनवाणी पाय पत्र्यावर टेकवायचे, डोळे मिटायचे, आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. कुणी खोकलं तर गाडी थांबवून त्याला खाली उतरवत. एका बिचाऱ्या ग्रामसेवकाला त्यांनी असं भर उन्हात उतरवलं होतं.

कोंढ्याच्या स्टँडमागे त्यांचं टिनाचं शेड होतं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी त्या भागात गुरांची डॉक्टर होते आणि मामांची जुनी जीप चालवत होते. तिचा तीन गिअरांचा बॉक्स खडखडायला लागला, तेव्हा दुसऱ्या जीपचा चार गिअरांचा बसवायचं ठरलं. मला वाटलं, दोन दिवसांचं काम. मिस्त्रींनी नऊ दिवस घेतले. नवा बॉक्स आला तो त्यांनी आपल्या बाजेवर ठेवला आणि स्वतः खाली झोपले. बोल्ट आवळले की बॉक्स आपोआप जागेवर बसेल ना, असं मी एकदा म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, बॉक्स लटकता ठेवून बोल्टांनी ओढला की क्लचप्लेट मरते. "मनवा लागते त्याले."

नवा बॉक्स लांब होता. म्हणून इंजिनचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा शाफ्ट कापून आखूड केला, पुढच्याला जोड दिला. गाडी देताना ताकीद एकच: चारही चाकांना जोर देणारा गिअर फक्त चिखलात लावायचा. डांबरावर चाकांना घसरायला जागा नसते, पुढची-मागची एकमेकांशी झगडतात, आणि शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. भंडाऱ्याहून औषधं घेऊन येताना मी शेडपाशी थांबले, तेवढ्यात नामदेव नावाचा शेतकरी सायकल हाणत आला. बोडीच्या, म्हणजे गावाबाहेरच्या लहान तळ्याच्या, पलीकडे त्याचं घर. त्याच्या आईची एकुलती एक म्हैस विताना सकाळपासून अडली होती. मी गाडी वळवली. मिस्त्री न विचारता पुढे येऊन बसले, चपला हातात.

डांबर सुटलं, पांदण लागली. नामदेव मागे औषधांची पेटी धरून श्वाससुद्धा जपून घेत होता. मैलभर गेलो असू, मिस्त्रींनी डोळे उघडले आणि थांबायला सांगितलं. मी थांबले नाही. खालून टकटक मलाही ऐकू येत होती, पण ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"थांबवा, बाई. मागचा क्रॉस तुटून राहिला. तुटला तं शाफ्ट पत्रा फोडून वर येते."

थांबवली. ते खाली वाकले, उठले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डांबरावर चार चाकं लावून आल्या तुमी."

खरं होतं. भंडाऱ्याहून येताना एका ठिकाणी चिखल लागला म्हणून तो गिअर टाकला होता, मग काढायचा राहून गेला. मी कबूल केलं. पुढे दोन मैल चिखल होता. पायी दीड तास, आणि म्हशीकडे तेवढा वेळ नव्हता. ती मरते का, असं नामदेवने हळूच विचारलं.

मिस्त्री पाना घेऊन जीपखाली उताणे सरकले. आठ नट होते. सहा निघाले, सातवा हलेना. मी घड्याळ बघत उभी, आणि खालून त्यांचं नटाला समजावणं ऐकू येत होतं. अखेर मागचा शाफ्ट ओढून काढून त्यांनी गाडीत टाकला. आता जीप नुसत्या पुढच्या चाकांवर जायची, म्हणजे सगळा जोर त्या जोड दिलेल्या शाफ्टवर.

"दुसऱ्या गिअरात ठेवा. चाक जागीच फिरलं तं पाय उचला. दाबू नोका."

ते स्वतः चिखल चाचपत पुढे चालू लागले. जमीन घट्ट असेल तिथे हात करत, मी तिथून चाक नेई. बोडीच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, उजवं चाक फसलं आणि गरगरलं. माझा पाय दाबायला शिवशिवत होता. मी उचलला. गाडी वीतभर मागे सरकली, थरथरली, मग चाकाने जमीन धरली आणि ती वर आली. किती वेळ मी दात आवळून होते, ते जबडा दुखायला लागल्यावर कळलं.

म्हैस मान टाकून पडली होती. आडवं रेडकू आत हात घालून सरळ करण्यात अर्धा तास गेला. शेवटी रेडकाच्या पायांना बांधलेली दोरी नामदेव आणि मिस्त्री दोघांनी धरली. नामदेव घाबरून हिसके देत ओढू लागला, तर मिस्त्रींनीच त्याला दटावलं की ती कळ देते तेव्हाच ओढ. रेडी झाली. जरा वेळाने शिंकली. नामदेव पेंढ्याने तिचं अंग पुसू लागला.

त्याच्या म्हाताऱ्या आईने आम्हाला जेवायला बसवलं. गरम भात, वरण, वांग्याची भाजी. मिस्त्रींच्या ताटात तिने न विचारता पुन्हा भात वाढला आणि घरी कोण कोण असतं म्हणून चौकशी केली. ते घास हातात धरून थांबले.

"कोणी नाही जी," म्हणाले.

म्हातारीने आणखी भात वाढला.

दिवस कलला होता. उजेडात पांदण पार करायला हवी म्हणून मी चावी काढली. मिस्त्री ताटातच बघत म्हणाले, "तासभर थांबा लागते, बाई. पुढचा शाफ्ट तापला आहे. थंडा होऊ द्या."

मघाशी जीपपाशी हात धुताना मी त्या शाफ्टला हात लावून पाहिला होता. चिखलाने माखलेला, गारगार होता.

मी चावी पर्समध्ये टाकली आणि म्हातारीपुढे ताट सरकवलं.