आईच्या सोयीचे चौसष्ट रकाने

जबाबदारी दुसऱ्याच्या हाती सोपवण्यापूर्वी ते हात कसून तपासणे, हे प्रत्येक जबाबदार माणसाचे आद्य कर्तव्य आहे. आमचे घर या बाबतीत कमालीचे जबाबदार. त्यामुळे आईच्या खुब्याचे हाड मोडून ती वॉकरवर आली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आम्ही भावंडांनी एक मूल्यमापन समिती स्थापन केली. अध्यक्ष दादा, सदस्य ताई, सचिव मी. (आई हा समितीचा विषय असल्यामुळे तिला सदस्य करता आले नाही. नियम म्हणजे नियम.)

वृद्धाश्रम हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. आम्ही 'सोय' म्हणतो. आईची सोय बघायची, असे म्हटले की कसे, बघणाऱ्यालाही बरे वाटते.

दादाने तेहतीस वर्षे बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. निवृत्त झाला तरी त्याचा हात शिवशिवतोच. "तपासणी ती तपासणी," तो म्हणाला, आणि कारखान्याचाच तक्ता किरकोळ फेरफार करून पुढे ठेवला. वरची 'मालाचे नाव' ही ओळ तशीच राहिली होती. खाडाखोड नको म्हणून तिथे आम्ही 'आई' असे लिहिले.

रकाने एकूण चौसष्ट. त्यांतले ठळक असे :

गाडी लावायची व वळवायची जागा : नऊ रकाने.
भेटायला येणाऱ्यांच्या खुर्च्या, पंखा आणि चहा : अकरा.
भेटायला येणाऱ्यांच्या मोबाइलला रेंज : पाच.
वास : सात. (ताईच्या नाकापुढे आमच्या घरात अपील चालत नाही.)
गंज : तीन. (हे कारखान्याचेच, पण काढायला जीव होईना.)
आईची पसंती : एक. पान उलटल्यावर, सहीच्या खाली.

तीन रविवारांत आम्ही सात केंद्रे पालथी घातली. पहिल्या केंद्रात दादाने न्हाणीघरात बाटलीभर पाणी ओतून लादीचा उतार मोजला. कामाच्या मावशी धावत येऊन ते पुसू लागल्या. दादाने 'स्वच्छतेबाबत तत्पर' असा शेरा लिहिला. मावशींनीही एक शेरा मारला, पण तो तोंडातल्या तोंडात असल्यामुळे नोंदवता आला नाही. तिसऱ्या केंद्रात भिंतभर आजी-आजोबांचे फोटो होते. मोजदाद केली असता अठ्ठ्याऐंशी टक्के हसरे निघाले. उरलेल्या बारा टक्क्यांचे डोळे मिटलेले होते, म्हणून त्यांना समाधानी धरले.

चौथ्या केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी मात्र अकारण फाटे फोडले. "आजींना आवडतं काय?" त्यांनी विचारले.

"रेडिओ," दादा म्हणाला.

"रेडिओने तिचं डोकं उठतं," ताई म्हणाली. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी तक्त्याकडे पाहिले. तपासायला आलेल्यांनाच प्रश्न विचारल्याबद्दल त्या केंद्राचे एकमताने चार गुण कापण्यात आले.

सातव्या केंद्राच्या दिवशी आईला सांभाळणाऱ्या बाईंनी सुट्टी घेतली, त्यामुळे नाइलाजाने आईलाही सोबत न्यावे लागले. कामात व्यत्यय नको म्हणून तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवले. शेजारी तिथल्याच एक आजीबाई ब्लाउजला हुक लावत बसल्या होत्या. आम्ही आत गेलो, लिफ्टला लागणारा वेळ मोजला, खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवले, चहा दोनदा मागून पाहिला. (दुसरा पहिल्यापेक्षा बरा होता. अर्धा गुण.) चाळीस मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा आईचे दोरा ओवून देणे चालू होते.

"ठरलं रे," ती म्हणाली. "इथंच राहते मी."

"अगं, असं कसं ठरलं? गंजाचे रकाने राहिलेत अजून," दादा म्हणाला.

"मी विचारलं की यांना. हाक मारली तर कोणी येतं का म्हणून."

चौसष्ट रकान्यांत हा प्रश्न नव्हता. ताईने विचारले, "मग? काय म्हणाल्या?"

"दुसऱ्या हाकेला येतात म्हणाल्या."

दादाने पेन उघडले. "म्हणजे पहिल्या हाकेला येत नाहीत. गुण कापावे लागतील."

"काप बाबा," आई म्हणाली. "घरी तुम्ही चौथ्या हाकेला येता. सामना चालू असला की पाचव्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजी कुठल्या गल्लीत ताजी मिळते ते सांगावे, तसे तिने ते सांगितले. मला मनापासून लाज वाटली. दादाने पेन बंद केले, आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच एक तक्ता अर्धवट भरून खिशात घातला. ताई उगाचच आईचा पदर नीट करत राहिली.

आई आता तिथेच राहते. समिती यथावकाश बरखास्त झाली, तक्त्याला मात्र ओळखीपाळखीत बरीच मागणी आहे. तुम्हालाही कोणाची सोय बघायची असेल तर एक प्रत जरूर पाठवू.

पण ते नंतर बोलू. आधी उठा. मघापासून आतल्या खोलीतून तुम्हाला कोणीतरी हाक मारते आहे. तुम्ही मान वर न करता 'आलो, आलो' म्हणालात, ती तिसरी होती.