फुंकणीतली उचकी

अंगठीचा शेवटचा सांधा जोडायचा तेवढा राहिला होता आणि नेमकी सोनाराला उचकी लागली.

सोनं आटवून, ठोकून, तार ओढून, दांडीवर वळवून सकाळपासून त्याने ती घडवली होती. आता सांध्यावर टाकणखार लावायचा, वितळून जोड देणाऱ्या डाकाचा कण ठेवायचा आणि फुंकणीने दिव्याची ज्योत त्यावर धरायची. फुंकर मात्र संथ हवी. उचकीसरशी ज्योत उसळली की अंगठीचा गोळाच व्हायचा.

"झाली का हो?" बाकावरून घड्याळजीने विचारलं. शेजारीच त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. अंगठी होती समोरच्या शिवणवालीसाठी. बोटाचं माप म्हणून घड्याळजीने चक्क तिचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान लंपास केलं होतं. संध्याकाळी ती महिनाभरासाठी बहिणीकडे निघणार होती. त्याआधी तिला लग्नाचं विचारायचं होतं.

"होतेय... उच्... एवढ्यात."

आतून सोनाराची बायको लेकीला कडेवर घेऊन आली. "कोणीतरी आठवण काढतंय हो तुमची."

"ज्याला काढायची तो हा काय... उच्... समोरच बसलाय!"

पाणी झालं, साखर झाली. श्वास रोखून डोळे पांढरे झाले. बायकोने लेकीला थोपटतात तशी पाठ थोपटली. ढेकर लेकीने दिली. उचकी जागच्या जागी. घड्याळजीला ते बघवेना. "मी दुकानाला कुलूप घालून येतो," म्हणत तो बाहेर पडला.

आता दचकवणं तेवढं उरलं होतं. बायको एकदम किंचाळली, "अहो, घात झाला! समोरचीने नकार दिला!"

सोनाराच्या काळजाचा ठोका चुकला आणि उचकीही. त्याच वेळी दारात परतलेल्या घड्याळजीच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा खणकन पडला.

"अहो भाऊजी, थांबा! गंमत केली!"

पण भाऊजी रस्ता ओलांडून गेले होते.

"आता गं?" सोनार म्हणाला.

"आता फुंका! पुन्हा लागायच्या आत!"

सोनाराने फुंकणी ओठांना लावली. ज्योत सुईसारखी निमुळती झाली, डाक चमकला आणि सांध्यात भिनला. अंगठी पाण्यात चर्र करून बाहेर निघते तोच शिवणवाली घड्याळजीचं मनगट धरून दुकानात शिरली.

"हे म्हणतात मी नकार दिला. अहो, नाही म्हणायला मला विचारलं कधी कोणी?" तेवढ्यात तिला अंगुस्तान दिसलं. "आणि हे इथे? सकाळपासून सुई टोचून घेतेय मी!"

सोनाराने अंगठी पुसून घड्याळजीच्या हातात ठेवली. "विचारा आता. ऊब आहे तोवर."

घड्याळजीने धीर एकवटला, तोंड उघडलं.

"उच्!"

सोनाराची बायको पाण्याकडे धावली. शिवणवालीने तिला हातानेच थांबवलं.

"आता कोण आठवण काढतंय तुमची?" असं म्हणत तिने ते टोचलेलं बोट त्याच्यापुढे धरलं. "मी तर इथेच उभी आहे."