सरवदेकाकांचा हिरवा स्टिकर

सरवदेकाकांकडे चहाला गेलं की आधी कपाची तपासणी सोसावी लागते. काका कप उजेडात धरतात, कडेवरून बोट फिरवतात आणि कान जरा वाकडा दिसला की आत हाक जाते, "रिजेक्ट! दुसरा आण." काकू तोच कप पुसून परत आणतात. काका तो पास करतात.

चाकणच्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी क्वालिटीत काढली. तिथे चांगल्या मालाला हिरवा स्टिकर, दुरुस्तीच्या म्हणजे 'रीवर्क'च्या मालाला पिवळा, भंगाराला लाल. रिटायर होऊन ते चऱ्होलीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले, पण कंपनी काही त्यांच्यातून गेली नाही. माझ्या नव्या चपलांनाही त्यांनी "रीवर्क" दिला आहे.

त्यांची उशिरा झालेली एकुलती एक मुलगी प्राची. आठव्या वर्षी तिला फिगर स्केटिंगचं वेड लागलं, आपल्याकडचं, चाकांवरचं. त्यात जमिनीवर मोठा गोल आखलेला असतो. एका पायावर त्या रेघेवरून जायचं आणि रेघ सोडायची नाही. हे ऐकलं मात्र, काकांच्या अंगात आलं. कारखान्यात रस्ते आखतात त्या पिवळ्या रंगाने त्यांनी आमच्या पार्किंगमध्ये असा गोल काढला की भांडायला आलेली माणसं तो बघून गप्प परत गेली. मी सोसायटीचा सेक्रेटरी. लिहून ठेवलेली नोटीस माझ्या फाइलमध्येच राहिली.

रोज संध्याकाळी सहाला प्राची गोलावर आणि काका जमिनीला गाल टेकवून तिची चाकं बघणार. "तीन मिलिमीटर बाहेर. रीवर्क!" पोरगी पडायची, गुडघे फोडून घ्यायची, पुन्हा उभी राहायची. "बाबा, आता?" "रीवर्क." इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने किती वेळा विचारला असेल, देव जाणे.

पिंपळे सौदागरच्या पहिल्या स्पर्धेत ती शेवटून दुसरी आली. पुढे जिल्ह्यात तिसरी, मग राज्यात पहिली, आणि गेल्या वर्षी नॅशनलला थेट सुवर्णपदक! आम्ही गेटवर फ्लेक्स लावला, पेढे वाटले. सगळ्यांसमोर तिने पदक बाबांच्या हातात ठेवलं.

"बाबा, आता तरी?"

काकांनी खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला, पदक दोन बाजूंनी मोजलं आणि म्हणाले, "कडेला फरक हाय. रीवर्क."

आम्ही पोट धरधरून हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. प्राची तेवढी हसली नाही. ते मला दिसलं होतं आणि तरी मी हसत राहिलो, याची आज लाज वाटते.

दोन महिन्यांत ती बेंगळुरूच्या कोचकडे गेली. तिचा फोन येतो, पण काकूंना.

परवा सहाच्या सुमाराला काका पार्किंगमधला तो गोल झाडत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, एकदा ओके म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

झाडू थांबला. "सेक्रेटरीसाहेब, ओके दिला की माल डिस्पॅचला, गेटाबाहेर जातो. हिरवा स्टिकर लावलेला माल मी पुन्हा कधी बघितला न्हाई." झाडू खांबाला टेकवून म्हणाले, "म्हटलं, रीवर्कमधी हाय तोवर घरात ऱ्हाईल. गेली की हो, बिनस्टिकरचीच."

त्यांनी पाकिटातून एक हिरवा स्टिकर काढला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिच्यासाठी आणलेला. कडा पार काळवंडल्या होत्या.

"मग आत्ता लावा फोन," मी म्हणालो.

त्यांनी स्पीकरवर लावला. "बाबा?" पलीकडून प्राचीचा आवाज आला, दचकलेला. काकांनी स्टिकर कागदावरून सोलून बोटावर घेतला.

"प्राची..."

"हां, बाबा. बोला ना."

"चाकात धूळ जाऊ देऊ नको, बरं का."

"हो. अजून काही?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "न्हाई," म्हणाले आणि फोन ठेवला. मग स्टिकर परत कागदावर लावायला गेले. त्याला बोटाची धूळ लागली होती. तो चिकटेना.