उमललेली गोळी

गणू दातारने माझ्या टेबलावर, चिवड्याच्या बशीशेजारी, रुमाल उलगडला. आत शिशाचा एक चेपलेला, रक्ताळलेला गोळा होता.

"रानडुकराच्या बरगडीतून काढलाय," तो म्हणाला. "घाबरू नकोस, हात धुतलेत." आणि त्याने चिवड्याचा बकाणा भरला. माझा घास हातातच राहिला.

हाच माणूस बेकरीवाल्या बाईला दर वेळी केकमध्ये अंडं आहे का विचारायचा. साठ सालानंतरची ती वर्षं. आम्ही दोघं इंगोलश्टाटजवळच्या एका खेड्यात शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्याने राहायचो आणि रेल्वेने म्युनिकला जायचो. तो धातुशास्त्रात डॉक्टरेट करत होता. घरमालक ब्रांडल शिकारी. त्यांनी एकदा गणूला जनावरातून निघालेली गोळी दाखवली आणि गणू कामातून गेला.

"गोळी फुटता कामा नये, उमलली पाहिजे," तो सांगायचा. फार मऊ असली तर खांद्याच्या हाडावरच चुरा होतो. फार कडक असली तर नुसती आरपार जाते. दोन्ही वेळा जनावर जखम घेऊन पळतं. हे सगळं जेवताना, दहीभात कालवत.

एका रविवारी अंगणात पाहतो तर गणू जानवं कानावर अडकवून, डुकराच्या छातीत कोपरापर्यंत हात घालून चाचपतोय. शेजारी ब्रांडल "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणत माना डोलावताहेत. गणूने मात्र शांतपणे आंघोळ केली आणि तो संध्येला बसला.

पुढे ऑक्टोबरातल्या एका सकाळी ब्रांडलनी आम्हाला रानात नेलं. त्यांनी एका थोरल्या शिंगाळ्या हरणावर गोळी झाडली. ती खांद्यावरच फुटली असावी. हरीण झाडीत पळालं. ब्रांडलच्या कुत्र्यामागून, रक्ताच्या थेंबांवरून आम्ही बराच वेळ चाललो. ओढ्याकाठी ते पडलं होतं, पण जिवंत. आमच्याकडे बघत होतं. ब्रांडलनी दुसरी गोळी घातली.

आता हा चाकू मागणार, असं मला वाटलं. पण गणू मटकन खाली बसला होता.

ब्रांडलनी फरच्या झाडाची डहाळी मोडली. मारलेल्या हरणाच्या तोंडात तिकडे ती ठेवतात; शेवटचा घास म्हणतात. गणूने हात पुढे केला. त्यांनी ती त्याला दिली. त्याने ती हलकेच हरणाच्या ओठांत सरकवली आणि हात तिथेच ठेवला.

"गोळी नाही काढायची?" मी विचारलं.

"राहू दे." मग हरणाकडे बघतच म्हणाला, "गेल्या वैशाखात आई गेली. फार दिवस तळमळत होती म्हणे. तोंडात पाणी घालायला मी नव्हतो."

वैशाखात मी त्याच्या भिंतीपलीकडेच राहत होतो. मला हे आत्ता कळत होतं.