पट्टीपलीकडचं सूप

"वहिनी, त्याला सांगा, माझी गाडी तीनला दहा कमी असताना आहे. तोवर जेवण येणार असेल तरच बसते," ताई म्हणाल्या.

'तो' म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आणि तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर, टेबलाच्या पलीकडे बसला होता. वय अठ्ठावन्न, वजनमापं खात्यात निरीक्षक, भल्याभल्या दुकानदारांना घाम फोडणारा. पण ताईंच्या लेखी अजून बाळ्याच. गेली सात वर्षं तर बाळ्याही नाही, नुसता 'तो'. आईचं शिवणयंत्र त्याने ताईंना न विचारता भंगारात दिलं, त्या दिवसापासून या निवृत्त मुख्याध्यापिकेने त्याच्याशी थेट बोलणं टाकलं होतं. जे काही असेल ते त्याच्या बायकोमार्फत.

आज गाडी बदलण्यासाठी ताई या शहरात अडीच तास थांबणार होत्या. घर स्टेशनापासून लांब. "दोन घास एकत्र खाऊ. पोटात काही गेलं की माणूस बोलतं," असं म्हणून बाळ्याने स्टेशनासमोरचं बार अँड रेस्टॉरंट निवडलं होतं. आजही ती बोलली नाही तर मग कधीच नाही, ही धास्ती त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होती.

आत बहुतेक टेबलांवर 'राखीव' अशा पाट्या होत्या आणि माणूस एकाही टेबलावर नव्हता. दारावरच्या माणसाने त्यांना अगदी मधल्या टेबलावर बसवलं. त्या टेबलाखालून जमिनीत एक पितळी पट्टी गेली होती. पट्टीच्या अलीकडे पांढरी फरशी, पलीकडे लाकडी जमीन. बाळ्या आणि वहिनी फरशीवर बसले, ताई लाकडावर.

वीस मिनिटांनी लाल जाकिटातला वेटर आला आणि पाण्याचे दोन ग्लास आदळून उभा राहिला.

"अहो, आम्ही तिघं आहोत," बाळ्या म्हणाला.

"तुम्ही दोघं आहात साहेब. त्या मॅडम बारमध्ये आहेत."

ताईंनी चष्मा वर सरकवला. "मी कुठे आहे?"

"बारमध्ये. पट्टीच्या इकडे रेस्टॉरंट, तिकडे बार. तिकडचं काळ्या जाकिटवाले बघतात."

काळ्या जाकिटवाला खांबाला टेकून स्वतःची नखं बघत होता. वहिनींनी त्याला हाक मारली.

"बार तीनला उघडतो," तो नखांवरची नजर न काढता म्हणाला.

"अहो, नुसतं पाणी हवंय."

"बंद बारमध्ये पाणी कसं देणार बाई?"

"म्हणजे मी बंद बारमध्ये येऊन बसलेय," ताई म्हणाल्या. "वहिनी, त्याला सांगा, सात वर्षांनी बहिणीला बसवायला जागा छान शोधलीस."

निरोप पोचवायची गरज नव्हती. बाळ्याने स्वतःचा ग्लास ताईंपुढे सरकवला आणि घाईघाईने तीन टोमॅटो सूप सांगितली. अर्ध्या तासाने दोन आली.

"तिसरं?"

"साहेब, मघाशीच सांगितलं ना."

बाळ्याने आपला वाडगा उचलला आणि ताईंसमोर ठेवला. वाडगा पट्टी ओलांडतो न ओलांडतो तोच तासभर खांबाला चिकटलेला काळा जाकिटवाला बाणासारखा सुटला आणि त्याने तो उचलला.

"बाहेरचे खाद्यपदार्थ बारमध्ये आणायला मनाई आहे."

"बाहेरचे? तुमच्याच स्वयंपाकघरातलं सूप आहे ते!"

"आमच्या नाही. त्यांच्या."

"मग द्या ना त्यांना परत!"

"त्यांच्याशी आमचा व्यवहार नसतो," असं म्हणत त्याने वाडगा बारच्या काउंटरवर नेऊन ठेवला. तिथे ते सूप एकटंच निवत बसलं.

वहिनींनी सुचवलं, ताईंनी खुर्ची उचलून फरशीवर यावं. ताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्याही. तेवढ्यात लाल जाकीट आडवं आलं. "खुर्ची बारची आहे. इकडे चालणार नाही."

"मग तुमची एखादी द्या."

"सगळ्या राखीव आहेत."

"कोणासाठी?"

"ते आम्हाला नसतं सांगितलेलं."

आता मात्र ताईंचं डोकं फिरलं. बत्तीस वर्षं शाळा चालवलेला आवाज होता तो. मागच्या बाकापर्यंत जायची त्याला सवय होती. "चौथीतलं पोरसुद्धा पाहुण्याला आधी पाणी विचारतं! गिऱ्हाईक म्हणजे देव, असं बाहेर पाटीवर लिहिलंय. देवाला निदान नैवेद्य तरी दाखवतात रे! इथे बाई दोन वाजेपर्यंत उपाशी बसलीय आणि तुम्ही मला जमिनीचा नकाशा शिकवता? बोलव तुझ्या मालकाला!"

"कोणत्या?" लाल जाकिटाने विचारलं.

दोन मालक होते. सख्खे भाऊ. वाटणीत थोरल्याला बार मिळाला, धाकट्याला रेस्टॉरंट, आणि वाद इतका पेटला की मध्ये पट्टी बसवावी लागली. थोरले पलीकडून आले आणि लाकडावर उभे राहिले, धाकटे अलीकडून आले आणि फरशीवर. दोघांमध्ये वीतभर अंतर. तोंडं मात्र आपापल्या वेटरकडे.

"धाकट्या मालकांना सांग," थोरले काळ्या जाकिटाला म्हणाले, "त्यांची गिऱ्हाइकं माझ्या लाकडावर येतायत."

"थोरल्या मालकांना सांग," धाकटे लाल जाकिटाला म्हणाले, "ती बाई त्यांच्या खुर्चीवर बसलीय, माझ्या नाही."

वहिनींना अवेळी हसू फुटलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि त्या दोन जाकिटांकडे पहिल्यांदाच मायेने पाहिलं. एकाच धंद्यातली माणसं.

ताईंना हसू वगैरे काही आलं नाही. "बाळ्या!" त्या कडाडल्या.

बाळ्याच्या हातातला चमचा खाली पडला. सात वर्षांनी ताईंनी त्याला हाक मारली होती.

"बघत काय बसलायस? धर टेबल तिकडून!"

"धरतो ताई!" आणि अठ्ठावन्न वर्षांचा निरीक्षक सहावीतल्या मुलासारखा टुणकन उठला. दोघांनी टेबल उचललं आणि पट्टीवरून सरळ फरशीवर ओढून आणलं. पाठोपाठ ताईंनी बारची खुर्चीही खरडत आणली आणि त्यावर बसून हाताची घडी घातली. "हं. आता मी कुठे आहे ते सांगा. आणि बाळ्या, तू यांची वजनमापं तपास. पेग मोजायच्या मापापासून सुरुवात कर."

"आत्ताच तपासतो!" बाळ्याने छाती पुढे काढली.

दोन्ही मालक पांढरे पडले. टेबल बारचं, त्यावरचं कापड रेस्टॉरंटचं, आणि आता वर तपासणी. थोरल्यांनी काळ्या जाकिटाकडे पाहिलं, धाकट्यांनी लाल जाकिटाकडे. पण निरोप्यांमार्फत बोलायला सवड नव्हती.

"दादा," धाकटे ओरडले, "यांना आधी बाहेर काढ! टेबलाचं आपण नंतर बघू!"

दोन्ही जाकिटं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. थोरले मालक पहिल्यांदाच धाकट्यांकडे वळले.

"दादा म्हणालास?"

"म्हणालो. दादाच ना तू."

"मग असं कर, तू दार उघड, मी यांना नेतो."

दोघा भावांनी मिळून, खांद्याला खांदा लावून, त्या तिघांना बाहेर काढलं. दार लागताना आतून आवाज आला, "अरे, ते काउंटरवरचं सूप जरा गरम करून दादाला दे!"

रस्ता ओलांडून तिघं स्टेशनात शिरले, तेव्हा गाडीला वीस मिनिटं होती आणि पोटात कावळे ओरडत होते. ताईंचं तोंड थांबायला तयार नव्हतं.

"माणसं म्हणायची का ही? आणि तो काळा जाकीट, बाळ्या, नखं बघतो नुसता!"

"मला तर त्याचा खांबच काढून घ्यावासा वाटला, ताई."

"आणि माझं सूप त्या थोरल्याला! निर्लज्ज!"

"एकदम निर्लज्ज!"

वहिनी चार पावलं मागून चालत होत्या. मधल्या निरोपांची नोकरी सुटल्यावर हातांचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी बिस्किटांचा एक पुडा घेतला. बहीणभावांनी तो रागारागात संपवला आणि वहिनींना एकही उरलं नाही.

गाडी आली. ताई खिडकीशी बसल्या. बाळ्या गज धरून उभा राहिला. विचारू की नको, असं त्याचं चाललं होतं. शेवटी गाडीने धक्का दिला तसं तो म्हणाला, "ताई, पुन्हा कधी येशील?"

"पुढच्या महिन्यात."

"घरी?"

"घरी कशाला? त्या हॉटेलात. माझं अजून बोलून झालेलं नाही." गाडी सरकली तशा त्या खिडकीतून वाकल्या आणि ओरडल्या, "एका दिवसात काही व्हायचं नाही ते! आठ दिवसांची तयारी ठेव. मुक्काम तुझ्याकडेच!"