बोटभर की वीतभर

आमच्या शेजारची भागूमावशी माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसे. कोणी दारात आलं की तिची नजर थेट त्याच्या नडगीवर. एकदा भटजी लग्नाचं आमंत्रण घेऊन आले, तर अक्षता घेण्याआधी तिनं विचारलं, "डाव्या पायावर भार का देत नाही?" भटजी आमंत्रण विसरले आणि धोतर वर करून पाय दाखवत बसले.

मी तेव्हा कल्याणात सरकारी डाकेचा हरकारा होतो. खांद्यावर टपालाची थैली, हातात घुंगरांची काठी, आणि मुरबाडच्या वाटेवर रोज दोन कोस धाव. पुढच्या टप्प्याचा गडी तापानं पडला आणि त्याचेही दोन कोस माझ्या गळ्यात आले. त्यात वाटेवर नवी खडी पडलेली. आठ दिवसांत माझ्या दोन्ही नडग्या आतल्या कडेनं ठणकू लागल्या.

लंगडणं लपवत मी घरी चाललो होतो. मावशीनं अंगणातूनच हाक मारली. "सदू, पाय पुढे कर."

अंगठ्यानं नडगीची कड ती खालून वर दाबत गेली. "बोटभर दुखतं की वीतभर?"

"वीतभर."

"मग वाचलास. वीतभर म्हणजे नडगी नुसती रुसलीय. एकाच जागी बोटभर दुखलं असतं, तर हाड चिरायला लागलं समज."

रुसवा काढायची तिची रीत ठरलेली होती. धावणं बंद, विहिरीच्या गार पाण्याच्या घड्या, आणि ठणका उतरला की भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. "गरम तेलानं रगडून दे ना," मी म्हणालो, तर तिचा चेहराच उतरला. "रगडायचं नाव काढू नकोस."

"पण मावशी, धावलो नाही तर नोकरी जाईल."

"धावलास तर पाय जाईल. चल."

मला घेऊन ती तडक पोस्टमास्तरांसमोर उभी राहिली. "हा तीन आठवडे इथं बसून टपाल लावेल. थैली माझा भाऊ नेईल."

"भावानं कबूल केलंय?" मास्तरांनी विचारलं.

"करेल. तुम्ही पाय पुढे करा."

भाऊ तीन आठवडे तिच्या नावानं बोटं मोडत धावला. मग मी निघालो, तोही तिच्या हुकमानं. थोडं चालायचं, थोडं धावायचं, आणि खडी सोडून कडेच्या मातीवरूनच जायचं.

रायत्याला नदीपाशी आंब्याला हात टेकून मी पोटऱ्या ताणत होतो. एक म्हातारा काठी टेकत जवळ आला. त्याचा उजवा पाय वाकडा होता.

"हे भागूनं शिकवलं का? पालखी उचलायच्या आधी आम्हा भोयांकडून ती असंच करून घ्यायची."

तो तिचा नवरा होता, धोंडू. नवरा वारल्याचंच मी धरून चाललो होतो.

"नडगीत एका जागी दुखायचं," तो म्हणाला. "तिनं गरम तेलानं रगडलं आणि मला कामावर पाठवलं. तिला तरी काय ठाऊक? तिसऱ्या दिवशी भर वाटेत हाड मोडलं. ते वाकडंच जुळलं. बायकोच्या जिवावर बसून खायचं नव्हतं, म्हणून बहिणीकडे आलो. भागू दोनदा न्यायला आली. मीच बाहेर आलो नाही."

घरी येऊन मी मावशीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत, पण खडे तांदळातच राहू लागले.

"काठी कुठल्या हातात धरतो?"

"उजव्या."

"म्हणजे दुखऱ्याच बाजूला. डाव्या हातात धर म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी धोंडूला निरोप सांगितला. त्यानं काठी डाव्या हातात घेतली आणि चार पावलं टाकून पाहिली. मग वळून माझ्यापाशी परत आला.

"आणखी काय म्हणाली?" त्यानं विचारलं.