मेश्राममामांचे इशारे

मेश्राममामांनी मला फसवलं. शब्द देऊन, माझ्याच दुकानात चहा पिऊन फसवलं. भिलाईत कॅम्प-एकच्या बाजारात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली, भाव करत करत इथवर आलो, पण मला आजवर कोणी गंडवलं नव्हतं. म्हणून हे चारचौघांसमोर मांडतो आहे.

मामा कमी बोलतात, हात जास्त हलवतात. इथल्या पोलाद कारखान्यात आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. खाली उभं राहून वरच्या क्रेनवाल्याला हातांनी इशारे द्यायचे. बोट गोल फिरवलं की उचल. तळहात खाली दाबला की सोड. मूठ आवळली की थांब. मामा रिटायर झाले, हात काही झाले नाहीत. भाजीवाल्याचा तराजू ते बोटाने वर-खाली करतात. रिव्हर्स घेणारी प्रत्येक गाडी त्यांना आपलीच वाटते. माझ्या पुतण्याच्या लग्नात नवरीने हार उचलला, तर हे समोर उभे! "आस्ते... आस्ते... अजून थोडा... बस!" आणि मूठ आवळली. नवरी हार हवेत धरून तशीच थिजली. फोटोही तसाच आला.

रुआबांध्याच्या मैदानावर ते पोरींना फुटबॉल शिकवतात, तोही याच पद्धतीने. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. मामा कुंपणाशी उभे आणि पोरी त्यांच्या हातांकडे बघत खेळतात. माझी लेक पायल त्यात सगळ्यांत पक्की. चेंडू पायात आला की तिची नजर आधी मामांकडे.

एका मोठ्या क्लबचे लोक खेळाडू हेरायला भिलाईत येणार असं कळलं आणि माझी झोप उडाली. पुढच्या वर्षी पायलचं वय त्यांच्या नियमात बसणार नव्हतं. म्हणजे जे काय ते आत्ताच. मी मामांशी सौदा केला. मैदानाला लोखंडी गोलपोस्ट मी करून देतो, निवडीच्या दिवशी तुम्ही कुंपणाशी उभं राहून पायलला इशारे द्या.

"पक्कं ना, मामा?"

"पक्कं म्हंजे पक्कं, शेठ. मी कुठी पयून जातो?"

गोलपोस्ट उभे राहिले. निवडीच्या दिवशी मामाही उभे राहिले. फक्त दोन्ही हात गमछ्यात गुंडाळून!

पायलच्या पायात चेंडू आला. तिने मामांकडे पाहिलं. गमछा. चेंडू गेला. पुन्हा आला, पुन्हा पाहिलं, पुन्हा गेला. वही घेऊन बसलेला क्लबचा टोपीवाला साहेब शेजारच्याला म्हणाला, "ये लड़की बाहर क्या ढूंढ रही है?" मी कुंपणाकडे धावलो.

"मामा, हात काढा बाहेर!"

"नाही काढत."

"कावून? पोरगी बुडून राहिली तिकडं!"

"शेठ, क्रेनवाल्याले वरून खालचं दिसत नाही, म्हणून त्याले इशारा लागते. पोरीले तं समदं दिसते. ते काय आंधळी आहे?"

"हे आज सुचलं तुमाले?"

"कधीचं सुचून राहिलं. सांगतलं असतं तं तुमी ऐकलं असतं काय?"

मी गमछा धरून ओढला. म्हातारा सोडेना. आमची ही झोंबाझोंबी चालू असताना पायलने तिसऱ्यांदा पाहिलं आणि मैदानातूनच ओरडली, "पापा! छोड़ो ना उनको!" रागारागात तिने चेंडू घेतला, दोघींना चकवलं आणि अशा ठिकाणी पास दिला की तिथे कोणी मोकळं आहे हे मलाही दिसलं नव्हतं. त्यानंतर तिने कुंपणाकडे एकदाही पाहिलं नाही. साहेब लिहू लागला.

माझ्या हातात अजून गमछ्याचं टोक होतं. ते हलत होतं. आत मामांची बोटं चालूच होती. डावीकडे, आस्ते, बस. डोळे मैदानावर, आणि बोटं गमछ्याच्या आत.

यादीत पायलचं नाव आलं. परवा ती क्लबकडे जाते. यादी लागली त्याच दिवशी तिने बाकीच्या पोरींना बजावलं, "मामा को मत देखो, सामने देखो." पोरींना ते पटलं. आता मामा कुंपणाशी उभे राहतात तेव्हा त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. मामी गेल्यापासून घरीही पाहायला कोणी नाही.

मी विचारलं, "मामा, आता येऊन काय करता?"

"पोस्ट पाहतो तुमचे. उजवा वाकडा लागला, शेठ."

सौदा मोडल्याबद्दल मामांना मी सोडणार नाही. आमचं भांडण चालू राहील. पण आधी टोपीवाल्या साहेबांनी जाब द्यावा. साहेब, तुमचं पोट पाहण्यावर भरतं ना? अख्खी सकाळ तुम्ही तिथे बसलात, पोरींची एकेक चाल लिहून घेतलीत. समोरच्या कुंपणाशी एक म्हातारा स्वतःचे हात बांधून उभा होता. तो तुम्हाला दिसला कसा नाही? बोला. मी दुकानातच असतो.